हात दिसत नाहीत, म्हणून सगळं लक्ष तोंडाकडे

‘आव्रिल फोर्टीन्थ’ नावाची पियानोची एक धून आहे. जेमतेम दोन मिनिटांची. २००१ साली आलेल्या ‘ड्रक्स’ या दुहेरी अल्बममध्ये, कानठळ्या बसवणाऱ्या तुकड्यांच्या गर्दीत, ती अंग चोरून बसली आहे. सिनेमात ती वापरली गेली, २०१० मध्ये अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने तिच्यावर आपलं एक गाणं उभं केलं. ऐकताना डोळ्यांसमोर एकटा माणूस येतो, संध्याकाळी दिवा न लावता पियानोवर बसलेला.

त्या पियानोवर कुणीच बसलेलं नाही. तो यामाहाचा डिस्क्लाविअर आहे. लाकूड, तारा, हातोड्या सगळं खऱ्या पियानोचं, फक्त पट्ट्या दाबायचं काम संगणकाच्या हुकमावर होतं. रिकाम्या बाकासमोर पट्ट्या आपोआप खाली-वर होतात. नीट कान दिला तर त्या यंत्रणेची बारीक खटखटही ऐकू येते.

धून रचणाऱ्याचं नाव रिचर्ड डी. जेम्स. जग त्याला ॲफेक्स ट्विन म्हणतं. १९७१ मध्ये आयर्लंडच्या लिमरिकला जन्मला, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये वाढला. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चाहत्यांमध्ये त्याच्यावरून गेली तीसेक वर्षं दोन वाद चालू आहेत. हा माणूस खरं बोलतो का, हा पहिला. याच्याकडे अजून नवं काही आहे, की जुन्या पुण्याईवर चाललंय, हा दुसरा. हे वाद फक्त त्याच्यापुरतेही नाहीत. नावं बदलतात, भांडण तेच राहतं. बाहेरच्या माणसाला हा सगळा रिकामपणाचा उद्योग वाटतो. गाणं आवडलं तर ऐका, रचणारा खोटं बोलतो की खरं याच्याशी काय घेणं?

घेणं आहे, आणि ते या संगीताच्या घडणीतच आहे. बैठकीत गवई गातो तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो, तान घेताना हात कुठे जातो ते दिसतं, चुकलेली सम दिसते. त्याने किती रियाज केला असेल याची साक्ष तो स्वतः न बोलताही देत असतो. शिवाय पाठीमागे घराणं असतं, गुरूचं नाव असतं. इलेक्ट्रॉनिक संगीतात यातलं काहीच समोर नसतं. काम बंद खोलीत, एकट्याने, महिनोन्‌महिने चालतं आणि श्रोत्याच्या हाती फक्त तयार आवाज पडतो. तो एका रात्रीत झाला की वर्षभरात, एकाने केला की चौघांनी, हे कानाला कळत नाही. मग चाहता काय करतो? तो माणूस काय बोलतो ते पकडून ठेवतो. हात दिसत नाहीत, म्हणून सगळं लक्ष तोंडाकडे. आणि तोंड थापा मारायला लागलं की साक्षीदारच फितूर झाल्यासारखं वाटतं.

आचारी आणि वाढपी

आधी थोडी ओळख. सिंथेसायझर म्हणजे विजेपासून सूर घडवणारं वाद्य. ड्रम मशीन म्हणजे ठेका धरणारी पेटी. सीक्वेन्सर हा यातला मुकादम: कोणता सूर कधी, किती वेळ वाजायचा याची यादी त्याच्याकडे असते आणि तो ती न थकता पुन्हा पुन्हा वाजवून घेतो. सॅम्पलर दुसरीकडचा आवाज कापून आणतो आणि तो वाद्यासारखा वाजवू देतो. आता हे सगळं एका लॅपटॉपमध्ये मावतं.

हे वापरून संगीत रचणारा तो प्रोड्युसर. तयार रेकॉर्डी लोकांसमोर एकीत एक मिसळून वाजवणारा तो डीजे. पहिला आचारी, दुसरा वाढपी. (आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की माणूस आठवतच नाही, मिरवणुकीतल्या ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आठवते. ‘डीजे लावला’ असंच आपण म्हणतो.) वाढपी होण्यात कमीपणा काही नाही. पंगतीचा अंदाज घेऊन कधी काय वाढायचं हे कळायला मुरावं लागतं, आणि चांगला वाढपी साध्या जेवणाचीही रंगत वाढवतो. पुष्कळ जण दोन्ही कामं करतात. भानगड होते ती कोण कुठलं काम करतोय हे पंगतीला सांगितलं जात नाही तेव्हा.

यंत्रावर असा अविश्वास आपल्यालाही नवा नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, आपल्या स्टुडिओत बंदी घातली होती. पेटीचे सूर आधीच बांधलेले असतात आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, असा मुख्य आक्षेप होता. तीस वर्षं! आज मात्र बड्या गवयामागे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची डबी वाजत असते आणि बुवा फसवतायत असं कुणी म्हणत नाही. यंत्र कुठपर्यंत चालतं याची रेघ प्रत्येक पिढी नव्याने ओढते.

ही रेघ सगळ्यांत धसमुसळेपणाने ओढली गेली २०१२ मध्ये. कॅनडाचा डेडमाउस, म्हणजे जोएल झिमरमन, उंदराचं भलंमोठं शिरस्त्राण घालून हजारोंच्या गर्दीसमोर वाजवणारा. त्याने जाहीरपणे लिहिलं की आम्ही सगळे स्टेजवर प्लेचं बटणच दाबतो. चाहते खवळले. काही डीजे त्याहून खवळले. पण त्याने दिलेलं कारण ऐकण्यासारखं होतं. एवढ्या मोठ्या कार्यक्रमात दिवे, पडद्यावरची चित्रं आणि संगीत एकाच घड्याळाला बांधलेली असतात. अमुक सेकंदाला अमुक ठोका पडला नाही तर कोट्यवधींची प्रकाशयोजना विस्कटते. मग उत्स्फूर्तपणे वाजवायला जागा उरते ती किरकोळ फेरफारांपुरती. त्याच्या लेखी खरी कारागिरी स्टुडिओत होते आणि स्टेजवर तिचं प्रदर्शन असतं.

मला त्याचा हा कबुलीजबाब आवडतो. लोक त्याच्यावर चिडले ते खोटं पकडलं गेलं म्हणून नाही, खरं ऐकावं लागलं म्हणून. तिकीट काढून आलेल्याला स्टेजवर हालणारे हात हवे असतात. म्हणूनच काही जण तिथे काही जोडलेलंच नसलेल्या बटणांशी झटताना दिसतात.

या वादाचं एक जुनं, बरंच निर्मळ रूप गोव्यात सापडतं. अंजुणा परिसरात ऐंशीच्या दशकात रात्र-रात्र नाच चालायचे तेव्हा विनाइल तबकड्या तिथल्या उन्हात वाकायच्या, आणि पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्याला जड तबकड्या वाहणं परवडत नसे. म्हणून वाजवणारे कॅसेट वापरत, पुढे डॅट नावाच्या डिजिटल टेप आल्या. टेपची गती कमी-जास्त करून दोन गाण्यांचे ठोके जुळवणं, ज्याला डीजेची खरी कारागिरी मानतात, ते तिथे जवळपास अशक्य होतं. एक गाणं संपतं, दुसरं सुरू होतं, बस्स. म्हणजे प्लेचं बटणच. १९७० पासून गोव्यात येऊन राहिलेला, २०२३ मध्ये वारलेला गोवा गिल असाच वाजवायचा. तिथे कुणी फसवणुकीची ओरड केली नाही, कारण लोकांना हवा होता तो कोणत्या घटकेला काय लावायचं याचा निर्णय, आणि ते काम माणूसच करत होता.

रणगाडा, बँक आणि स्वप्नं

आता थापांकडे. यात ॲफेक्स ट्विनचा हात धरणारा कुणी नाही.

मुलाखतींत त्याने सांगितलेल्या गोष्टींची यादी करायची तर: माझ्याकडे रणगाडा आहे. मी बँकेत राहतो. माझी बरीचशी गाणी मी झोपेत, आपण स्वप्नात आहोत याचं भान ठेवून रचतो आणि उठल्यावर आठवून वाजवतो. अकरा वर्षांचा असताना झेडएक्स-८१ या छोट्या संगणकातून आवाज काढून दाखवला आणि पन्नास पौंडांचं बक्षीस जिंकलं. हा झेडएक्स-८१ असा संगणक होता ज्यात आवाजाची सोयच नव्हती.

सगळ्या थापा समजून सोडून द्याव्यात, तर अडचण अशी की तपासायला गेल्यावर काही गोष्टी अर्ध्यामुर्ध्या खऱ्या निघतात. रणगाडा म्हणजे डेमलर फेरेट, ब्रिटिश लष्कराची जुनी चिलखती टेहळणी गाडी. रणगाड्याइतकी नाही, पण शेजाऱ्याची झोप उडवायला पुरेशी. लंडनमध्ये एलिफंट अँड कॅसलच्या चौकात मायकेल फॅरडेच्या स्मरणार्थ बांधलेली स्टीलची एक मोठी चौकोनी पेटी आहे, आत भुयारी रेल्वेचं वीज उपकेंद्र. ॲफेक्स ट्विन त्या पेटीतच राहतो अशी वदंता होती. ते खोटं. पण तो त्या भागातल्या एका जुन्या बँकेच्या इमारतीत राहत होता, हे खरं. आणि आवाजाची सोय नसलेल्या संगणकातून, टीव्हीला जाणाऱ्या सिग्नलशी खेळून, खरखर काढता येते हेही तंत्रदृष्ट्या शक्य आहे. आपल्याकडच्या नाक्यावरच्या गप्पिष्टाची हीच रीत असते: दहा थापांत दोन खऱ्या गोष्टी पेरायच्या, म्हणजे बाकीच्या आठांना कुणी हात लावत नाही.

चाहत्यांना खरी ठसठस आहे ती एका अल्बमच्या नावाची. १९९२ मध्ये त्याचा ‘सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स ८५-९२’ आला. नावाप्रमाणे यातलं काही संगीत १९८५ चं, म्हणजे तो तेरा-चौदा वर्षांचा असतानाचं. हे खरं असेल तर तो विलक्षण मुलगा होता, कारण तेव्हा असं संगीत जवळपास कुणी करत नव्हतं. खोटं असेल तर तो विलक्षण जाहिरातदार ठरतो. मग चाहते पुरातत्त्व खात्यासारखे कामाला लागतात. अमुक आवाज कोणत्या यंत्राचा, ते यंत्र बाजारात कधी आलं, कॉर्नवॉलच्या शाळकरी पोराला ते परवडलं असतं का, कॅसेटवर केलेल्या रेकॉर्डिंगची ही घरघर कोणत्या वर्षाची. खापराच्या तुकड्यावरून वस्तीचा काळ ठरवावा तसं.

ही कला त्यांनी किती पुढे नेली ते २००७ मध्ये दिसलं. जेम्स आणि त्याच्या मित्राने १९९१ मध्ये काढलेल्या रेफ्लेक्स कंपनीतून ‘द टस’ या अनोळखी नावाने दोन रेकॉर्डी आल्या. कंपनीचं म्हणणं, हे कॉर्नवॉलचे वेगळे कलाकार आहेत. चाहत्यांनी त्यात यामाहा जीएक्स-१ या अतिदुर्मीळ सिंथेसायझरचा आवाज ओळखला आणि ते यंत्र कुणाकडे आहे ते आठवलं. आज त्या रेकॉर्डी ॲफेक्स ट्विनच्याच धरल्या जातात.

आणि याच माणसाने २००३ मध्ये एक संग्रह काढला. दुसऱ्यांच्या गाण्यांचे त्याने केलेले रीमिक्स. नाव काय ठेवावं? ‘२६ मिक्सेस फॉर कॅश’. पैशासाठी केलेले सव्वीस. त्यातल्या एक-दोघांत मूळ गाण्याचा मागमूसही नाही. इतका उघडावाघडा हिशेब कोणता प्रामाणिक कलाकार मांडतो?

बरं, थापा मारून त्याला मिळतं काय? सोपं उत्तर: प्रसिद्धी. मला ते अपुरं वाटतं. खोलीत बसून संगणकावर आकडे भरणाऱ्या माणसाची गोष्ट सांगण्यासारखी नसते. ‘सकाळी उठलो, आठ तास एका ढोलाचा आवाज घासला, जेवलो, परत घासला’ हे कोण छापणार? मुलाखतकाराला चमचमीत काहीतरी हवं असतं आणि ते दिलं की तो खरी खोली न उघडता निघून जातो. थाप हा दाराला लावलेला पडदा आहे.

तोच पडदा दुसऱ्यांनी गप्प राहून लावला. स्कॉटलंडच्या बोर्ड्स ऑफ कॅनडा या जोडीतले माइक सँडिसन आणि मार्कस इऑन हे सख्खे भाऊ आहेत, हे त्यांनी २००५ पर्यंत सांगितलंच नाही. कारण साधं होतं: ऑर्बिटल नावाची भावांचीच एक जोडी आधीच गाजत होती आणि सतत तुलना झाली असती. एक जण आडनाव लावायचा, दुसरा लावायचा नाही, एवढ्यावर काम भागलं. लंडनच्या बरियलची कथा याहून गंमतशीर. २००७ मध्ये त्याचा ‘अनट्रू’ अल्बम आला, पुढच्या वर्षी ब्रिटनच्या मर्क्युरी संगीत पारितोषिकाच्या यादीत गेला, आणि कलाकार कोण हेच कुणाला ठाऊक नाही! ‘सन’ या खपाऊ दैनिकाने शोधमोहीम उघडली. हा बरियल म्हणजे ॲफेक्स ट्विनच, असंही काही म्हणाले. शेवटी २००८ च्या ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच नाव आणि फोटो इंटरनेटवर टाकला: विल्यम बेव्हन, साधा माणूस, मला फक्त गाणी करायची आहेत. अल्बमचं नाव ‘खोटं’ आणि आतला माणूस निव्वळ लाजाळू.

थाप कुणाच्या खिशातून

एवढं सांगितल्यावर मी थापाड्यांचा वकील झालो असं वाटेल. तसं नाही. माझ्यापुरता एक साधा हिशेब आहे: थापेची किंमत कोण मोजतो? रणगाड्याच्या गोष्टीत कुणाचं काही गेलं नाही. पण या संगीताच्या इतिहासात दुसऱ्याच्या ताटातलं ओढून सजवलेल्या थापाही आहेत, आणि चाहते त्यांच्याबद्दल निम्म्या जोराने भांडले असते तरी बरं झालं असतं.

१९८९ मध्ये ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाचं ‘राइड ऑन टाइम’ ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. टीव्हीवर एक देखणी मॉडेल ओठ हलवत होती. आवाज होता लोलेटा हॉलोवे या अमेरिकन गायिकेचा, तिच्या १९८० च्या गाण्यातून सॅम्पलरने कापून आणलेला, तिला न विचारता. प्रकरण वकिलांपर्यंत गेल्यावर तो भाग दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतला गेला. याच गटासाठी आणि सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या दुसऱ्या गटासाठी मार्था वॉश ही गायिका गायली. व्हिडिओत तिच्या जागी दुसऱ्याच सडपातळ बायका. ती कोर्टात गेली आणि तिने आपलं नाव मिळवलं. एमटीव्हीवरच्या व्हिडिओला आवाज कुणाचा ते सांगणारी ओळ जोडावी लागली.

मराठी वाचक इथे म्हणेल, त्यात काय, आपल्याकडे तर प्रत्येक नायिका दुसरीच्या गळ्याने गाते. बरोबर. आणि तरी आपण त्याला लबाडी म्हणत नाही, कारण रेकॉर्डवर गाणारीचं नाव असतं. तेही आपोआप आलेलं नाही. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या पहिल्या रेकॉर्डींवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’. ते सिनेमातल्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओला पत्रं लिहून गाणारी कोण ते विचारलं, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. ओठ कुणाचे हलले हा मुद्दाच नव्हता, नाव कुणाचं लिहिलं हा होता.

नाव न लिहिण्याचा सगळ्यात लांबलेला प्रकार बीबीसीत घडला. १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं शीर्षकसंगीत रॉन ग्रेनरने कागदावर थोडक्यात लिहून दिलं. ते प्रत्यक्ष घडवलं डेलिया डर्बीशायरने. तेव्हा विकतचे सिंथेसायझर नव्हते. एक तार छेडून, विजेच्या दोलकांचे सूर घेऊन, ते चुंबकीय टेपवर उतरवून, टेपची गती बदलून, इंचाइंचाने कापून आणि चिकटवून तिने प्रत्येक सूर जागेवर बसवला. ऐकून ग्रेनर चकितच झाला. तिला सहरचनाकार म्हणून वाटा मिळावा अशी त्याची इच्छा होती. बीबीसीच्या नियमात कर्मचाऱ्याला नाव नव्हतं. ती २००१ मध्ये वारली. पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी.

आजचं रूप म्हणजे दुसऱ्याकडून ट्रॅक करून घेऊन आपल्या नावावर काढणं. याचा उघड बाजार आहे, करारात गुप्ततेचं कलमही असतं. वाढप्याने आचाऱ्याला पैसे देऊन माजघरात कोंडायचं आणि पंगतीत सांगायचं, सगळं मीच रांधलंय. आचारी स्वतः कबूल झालेला असतो, त्याला मोल मिळालेलं असतं, म्हणून हे हॉलोवेच्या प्रकरणाइतकं वाईट नाही. पण पंगत तर फसतेच.

आणि मग संगीताबाहेरचं खोटं. मोबी या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने २०१९ मध्ये आत्मचरित्राच्या दुसऱ्या भागात अभिनेत्री नॅटली पोर्टमनशी आपले प्रेमसंबंध असल्याचं लिहिलं. तिने जाहीरपणे ते नाकारलं. त्यात सांगितलेलं तिचं वयही चुकीचं असल्याचं तिने म्हटलं. आधी तो अडून बसला, मग माफी मागून पुस्तकाचा दौरा रद्द केला. स्वतःच्या बालपणाबद्दल फेकणं वेगळं आणि जिवंत माणसाच्या आयुष्याबद्दल लिहिणं वेगळं, हा फरक चाहत्यांनीही तेव्हा नीट ओळखला. त्याची जुनी गाणी त्यामुळे वाईट झाली का? माझ्या कानाला नाही. पण तो माणूस त्यात आता ऐकू येतो, आणि तो पूर्वीइतका आवडत नाही.

शिळं की मुरलेलं

दुसरा वाद काळाचा. ‘याचं आता काही राहिलं नाही’ हे वाक्य इलेक्ट्रॉनिक संगीतात जितक्या लवकर ऐकू येतं तितकं दुसरीकडे नाही. भीमसेन जोशींनी साठीत तोच पूरिया गायला तर आपण म्हणालो, मुरलाय. इथे कलाकाराने पाच वर्षांपूर्वीचा आवाज पुन्हा काढला की शिळा. याचं कारणही यंत्रातच आहे. हे संगीत जन्मल्यापासून उद्याची भाषा बोलत आलं, आणि उद्या नेहमी नव्या यंत्रातून येतो असं मानलं गेलं. त्यामुळे चाहते कलाकारालाही नकळत मोबाइलच्या मॉडेलसारखं जोखतात.

१९९५ मध्ये एक गंमत झाली. बीबीसी रेडिओ ३ ने जर्मनीचे ज्येष्ठ रचनाकार श्टॉकहाउझेन यांना ॲफेक्स ट्विन आणि इतर तरुणांच्या टेप ऐकवल्या. त्यांनी सल्ला दिला: माझी ‘गेझांग डेअर युंगलिंगे’ ही रचना ऐका आणि तेच-तेच परत वाजवणं सोडा. ॲफेक्स ट्विनने उलट सल्ला पाठवला: तुम्ही माझं ‘डिजरिडू’ ऐका आणि ज्यावर नाचता येत नाही असलं करणं सोडा. दोघांनीही एकमेकांना कालबाह्यच म्हटलं. घड्याळं फक्त वेगळी होती. एकाच्या लेखी पुढे जाणं म्हणजे पुनरावृत्ती टाळणं, दुसऱ्याच्या लेखी पायांना हलवणं.

क्राफ्टवेर्कचं पाहा. जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फच्या या इलेक्ट्रॉनिक गटाने १९८१ मध्ये ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’ काढलं. त्याच वर्षीच्या दौऱ्यात ते मुंबईतही वाजवून गेले. संगणकाच्या जगाबद्दलचा हा अल्बम करताना त्यांच्याकडे स्वतःचा संगणक नव्हता! साध्या सिंथेसायझरवर त्यांनी ते भविष्य रंगवलं आणि ते बरंचसं खरं ठरलं. आज मूळच्या जोडीतला एकटा राल्फ ह्यूटर उरलाय, २००३ नंतर नवा स्टुडिओ अल्बम नाही, आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी आठ रात्री आठ जुने अल्बम वाजवले. एक बाजू म्हणते, हे स्वतःच वस्तुसंग्रहालयात जमा झाले. मला तसं वाटत नाही. दशावतारात दरवर्षी तोच संकासुर येतो म्हणून कुणी उठून जात नाही.

ॲफेक्स ट्विनने तेरा वर्षांच्या खंडानंतर २०१४ मध्ये ‘सायरो’ काढला तेव्हा हेच झालं. लंडनवर हिरवा हवाई फुगा तरंगला, त्यावर त्याची खूण. अल्बमच्या कव्हरवर वापरलेल्या यंत्रांची लांबलचक यादी आणि निर्मिती-जाहिरातीच्या खर्चाचा तपशीलवार हिशेब. पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. चाहत्यांत फूट पडली: यात नवं काय? तो जगाला दाखवण्यासाठी आता पळत नाही, असं दुसरी बाजू म्हणाली. मग २०१५ च्या सुरुवातीला त्याने नुसत्या आकड्यांच्या वाटणाऱ्या नावाआडून दोनशेहून अधिक जुने तुकडे इंटरनेटवर फुकट टाकले. कपाट उलटं केल्यासारखे. थापाड्या म्हणवणाऱ्या माणसाने तीस वर्षांची रोजनिशी ओट्यावर ठेवली होती. त्यात कच्चं होतं, फसलेलं होतं, अप्रतिमही होतं. हात कधी दिसले असतील तर ते तिथे.

मुंबईचा एक खरा माणूस

२०१० मध्ये एका डच कंपनीने मुंबईची एक जुनी तबकडी पुन्हा काढली: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’, कलाकार चरणजित सिंग, एचएमव्ही, १९८२. ललित, यमन, मालकंस, मेघमल्हार, असे दहा राग, रोलँड या जपानी कंपनीच्या तीन यंत्रांवर. ऐकणाऱ्यांना धक्का बसला, कारण हे हुबेहूब ॲसिड हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतासारखं होतं. आणि ॲसिड हाउसचा जन्म शिकागोत फ्यूचर या गटाच्या १९८७ च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’पासून धरतात. थापांवर वाढलेल्या चाहत्यांनी लगेच ओळखलं: हा बनाव आहे. कुणीतरी आज बनवून जुनं कव्हर चढवलंय.

बनाव नव्हता. त्या तीन यंत्रांतली रोलँडची टीबी-३०३ ही छोटी चंदेरी पेटी १९८१ मध्ये आली, एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथ द्यायला. खपली नाही, १९८४ मध्ये बंद पडली, जुन्या बाजारात मातीमोल झाली, आणि तिथून ती शिकागोच्या पोरांच्या हाती लागली. तिच्यात एक सोय आहे: एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. जी मींड जमत नाही म्हणून रेडिओने हार्मोनियमला हाकललं होतं, ती या यंत्राला जमत होती. रागाला खाली एक स्थिर आधारस्वर लागतो, ॲसिडलाही खाली एकच न हलणारा पाया लागतो. एकाच यंत्राला दोन शहरांत दोन माणसांनी असं वळवलं तर फळ सारखं येणारच. अख्खं कोडं त्या घसरत्या सुरात होतं, पण चाहते कव्हरची शाई तपासत बसले.

चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे साथीदार. नाव पडद्यावर न येणाऱ्यांपैकी. तबकडी आली तेव्हा फारशी कुणी घेतली नव्हती. सत्तरी गाठल्यावर त्यांना युरोपातून बोलावणी आली, आणि त्यांनी तीच यंत्रं मांडून तेच राग वाजवले, समोर नातवंडांच्या वयाची मुलं नाचत असताना. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. तुम्ही ॲसिड हाउसचा शोध कसा लावला असं मुलाखतींत विचारलं जायचं. त्यांचं उत्तर एवढंच असायचं की तेव्हा सिनेमात डिस्को फार चाललं होतं, म्हणून वाटलं, तबला काढून डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत.